लिंबाईची खोळ

फोनने वनमालाबाईंना ओळखायचे नाकारले तेव्हा त्या पुण्यातल्या आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये होत्या, हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि चौथा मजला नुकताच खाली गेला होता. ‘चेहरा ओळखता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा,’ असे फोनने लेखी कळवले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा प्रयत्न केला. पासपोर्टच्या फोटोसाठी करतात तशी मान जराशी वर केली. मग लिफ्टच्या आरशात पाहून केस मागे सारले. फोन आपल्या मतावर ठाम होता. ज्या बाईने चाळीस वर्षे दगडी चेहरे ओळखण्यावर पोट भरले, ही यक्षी, ही चामुंडा, हा बहुधा कोणी दाता, तिच्याच बाबतीत एका यंत्राने असा अभिप्राय द्यावा यातला विनोद कळण्याइतक्या त्या शहाण्या होत्या. तरीही सहाव्या मजल्यावर दार उघडले आणि मिटले, आणि त्या आतच उभ्या राहिल्या. मग आकडे दाबून फोन उघडला. आत एक फोटो येऊन पडला होता. एका दुकानाच्या बंद शटरवर ताणून बांधलेला फ्लेक्स. मधोमध एक दगडी स्त्री: कमरेत अलगद वळलेली, डाव्या हातात आरसा धरलेली, आणि जिथे तोंड असायला हवे तिथे नुसता खडबडीत खड्डा. शेजारी तिथल्या पुढारी राजनंदिनीताईंचे हसरे मुख, मूर्तीच्या चौपट. खाली अवतरणचिन्हांत एक वाक्य: ‘मूर्तीचे मुख आक्रमणकाळात घणाचे घाव घालून फोडलेले आहे.’ त्याखाली, थोर विदुषी डॉ. वनमाला कुलथे. त्याखाली लाल अक्षरांत, आईला तिचं तोंड परत मिळणार, येत्या मंगळवारी भव्य मिरवणूक. आणि फ्लेक्सच्या वर, तो बांधणाऱ्याने झाकायची तसदी न घेतलेली दुकानाची जुनी पाटी: लतीफ मिस्त्री, जाती, पाटे, वरवंटे.

वाक्य त्यांचेच होते. अडतीस वर्षांपूर्वी प्रबंधाच्या दोनशे बाराव्या पानावर त्यांनी ते लिहिले होते, परीक्षकांनी त्याखाली कौतुकाची रेघ ओढली होती, आणि ते खोटे होते. ते खोटे आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होते अशी त्यांची समजूत होती. एक त्या स्वतः. दुसरा लतीफ मिस्त्री, आणि तो वारून बारा वर्षे झाली होती. आता त्याच्या नातवांच्या शटरवर ते वाक्य टांगलेले होते, आणि मंगळवारी मिरवणूक त्याच शटरपाशी येऊन थांबणार होती. थांबलेली मिरवणूक काय करते हे समजायला मूर्तिशास्त्राची पदवी लागत नाही.

सोमवारी पहाटेच्या गाडीने त्या निघाल्या. आठवडाभर फोन त्यांना ओळखत नव्हता. दुकानदाराने यंत्र तपासले, काही दोष नाही म्हणाला, आणि थोडा अडखळून, वय झालं की चेहरा बदलतो मॅडम, असेही म्हणाला. नगर मागे पडले. कडा गावाशी साखर कारखान्याचे धुराडे दिसले, अजून न पेटलेले. दसरा होऊन गेला होता आणि रस्त्याच्या कडेने ट्रकमध्ये ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे भरली जात होती, पातेली, गोधड्या, पाय बांधलेली शेळी, कोयते गुंडाळलेले पोते. बीडच्या पुढे जमीन काळी आणि आभाळ उगाच फार मोठे झाले. खिडकीच्या काचेत त्यांना आपले तोंड दिसत होते आणि त्याच्या आरपार बाभळी पळत होत्या. त्यांनी ठरवले होते ते एवढेच की संग्रहालयात जायचे, राजनंदिनीताईंनी फोनवर त्यांच्या भाषणाची चित्रफीत काढायला माणूस आणायचे कबूल केले होते त्याच्यासमोर उभे राहायचे, आणि खरे सांगायचे. ज्या वाक्याने गोष्ट बिघडली तिला दुसऱ्या वाक्याने दुरुस्त करायचे. विद्वानांना दुसरे काय येते?

तालुक्याच्या गावचे ते संग्रहालय मोगलाईतल्या करोडगिरी नाक्याच्या इमारतीत होते. पूर्वी इथे मिठाच्या आणि कापडाच्या गोण्या अडवून जकात घेत. आता देव अडवून ठेवले होते. व्हरांड्यात वीरगळ भिंतीला टेकून ओळीने उभे होते, सरकारी दवाखान्यात केसपेपरसाठी उभे राहतात तसे, कोणाचा हात गेलेला, कोणाचा घोडा गेलेला. आतल्या कपाटांत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, एक गंजकी तलवार. प्रत्येक पाटीवर त्याच हस्ताक्षरात ‘मूर्ती (भग्न)’, ‘मूर्ती (भग्न)’, आणि कोपऱ्यात एका धड असलेल्या गणपतीच्या पाटीवर, जणू त्याची चूकच, नुसतेच ‘मूर्ती’. कुलूप उघडायला धर्मराज आला, इथला पहारेकरी, साठीच्या उंबरठ्यावरचा, गळ्यात मफलर आणि कानात विडी.

“सोमवारी बंद असतंय म्याडम. पर तुमी म्हणल्यावर काय,” तो म्हणाला. “तुमचं नाव मला तोंडपाठ हाय. रोज वाचतो.”

“कुठे?”

“तिच्या पायाशी. तुमच्या वाक्याची पितळंची पाटी केली ना ताईंनी. आदी कागद होता.”

ती मूर्ती अगदी आतल्या दालनात होती. नाक्याच्या काळात तिथे संशयित माल ठेवत. खिडकी एकच, उंचावर. वनमालाबाई दारात थांबल्या. अडतीस वर्षांत त्या तिच्यावर चार निबंध वाचून आल्या होत्या, एक परदेशातही. तिच्यासमोर मात्र एकदाही आल्या नव्हत्या. मूर्ती त्यांच्या आठवणीपेक्षा उंच निघाली, जवळजवळ माणसाएवढी. पैंजणांचे घुंगरू मोजता येतील असे कोरीव पाय, पोटावरच्या वळीत अजून अडकलेला शेंदराचा कण, आणि वर, मानेच्या तीन रेषांनंतर, काहीच नाही. तो खड्डा फिकट होता, बाकीच्या काळ्याभोर दगडापेक्षा कितीतरी कोवळा. ज्याला दगड वाचता येतो त्याने एका नजरेत म्हटले असते की ही जखम सातशे वर्षांची नाही, कालची आहे. पण इथे येणारे सगळे पाटी वाचत, दगड नाही. आणि विद्वानही आधी पाटीच वाचतात. त्यांनी फोटो घ्यायला फोन उचलला. पडद्यावरची ती पिवळी चौकट, जी चेहरा शोधत फिरते, ती खांद्यावर गेली, आरशावर गेली, थरथरली, आणि त्या खड्ड्याभोवती जाऊन स्थिर बसली. वनमालाबाईंनी फोन खाली घेतला.

“हिच्यापाशी बसलं की कुणीतरी बघतंय असं वाटतंय,” मागून धर्मराज म्हणाला. “मी म्हणतो, तिला तर तोंड न्हाई. मंग बघतंय कोण?”

“ह्या आरशाला तेल कोणी लावलं?” त्यांनी विचारले. दगडी आरशाची तबकडी ओलसर चमकत होती.

“कुणी न्हाई म्याडम,” धर्मराज म्हणाला, आणि विडी कानातून काढून पुन्हा कानात ठेवली.

तेलाचा तो वास. जवसाचे जुने, उन्हात तापलेले तेल आणि शेंदूर. उमापूरच्या पुढे, गोदावरीकडे उतरणाऱ्या काळ्या रानात एक वाडी होती, तिथे लिंबाखाली ही उभी होती, आणि तेव्हा ती कोणी दर्पणसुंदरी नव्हती. ती लिंबाई होती. पोते गुंडाळलेल्या रांजणासारखा एक लालभडक आकार, त्यावर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. गाव सोडून जाताना बायका तिला भाकर देत आणि परत आल्यावर शेंदराचा एक हात देत. एक परतणे, एक थर. दुष्काळात खानदेशाकडे गेलेले, कारखान्यांवर गेलेले, न परतलेल्यांच्या नावाने दुसऱ्यांनी दिलेले. त्या थराखाली तिच्या डाव्या हातात काहीतरी गोल होते आणि बायका म्हणत, आईच्या हातात भाकर हाय. सव्वीस वर्षांची वनमाला औरंगाबादेहून वही, टेप आणि उसना कॅमेरा घेऊन तिथे पोचली, तिने त्या गोलाईवर नख मारून पाहिले आणि मनात म्हणाली, भाकर कसली, आरसा आहे. ती बरोबर होती. आयुष्यभर तिला हेच भोवले की ती बरोबर होती.

शेंदराची ती जाड खोळ उतरवायला उमापूरहून पाथरवट आणला, लतीफ मिस्त्री. उंच, वाकलेला, बोलण्यात अदब, आणि दगडाला हात लावण्याआधी तळवा आपल्याच सदऱ्याला पुसायची सवय. दोन दिवसांत त्याने पाय, कंबर आणि तो आरसा मोकळा केला. तोंडापाशी आला आणि थांबला. “बाईसाहेब,” तो म्हणाला, “इथला दगड पिकलेला हाय. कोमट तेल सोडू, चार दिस मुरू देऊ. आपसूक सुटतंय. घाई केली की दगड रुसतोय.” चार दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी औरंगाबादेत शिष्यवृत्तीची समिती येणार होती, मार्गदर्शकांनी लिहिले होते की मुखाचे छायाचित्र हवेच, आणि पाचची शेवटची गाडी होती. लतीफने मान हलवली, छिन्नी खाली ठेवली आणि लिंबाच्या मुळीवर पाठ करून बसला. म्हणून ती तिने उचलली. खोळ भेदून तिच्या आणि दगडाच्या मधल्या फटीत, कपाळाखाली, दोन डोळ्यांच्या मधोमध. एक ठोका, दुसरा ठोका. तिसऱ्याला झोपेत कोणी दात खावा तसा आवाज झाला आणि खोळ अखंड सुटून बायकांच्या हातात आली. आणि तिच्या मागोमाग, आंब्याची कोय सुटावी तसे, तोंड सुटून वनमालाच्या ओच्यात पडले. तीन तुकडे. नाक आणि ओठ. हनुवटी. एक डोळा, अर्धा मिटलेला. सगळ्यात विचित्र गोष्ट ही, आणि ती त्यांनी कोणाला कधी सांगितली नाही, की ते तोंड अखंड असे कोणीच पाहिले नाही. झाकलेले होते तोवर झाकलेले होते. उघडले तेव्हा फुटलेले होते. मधला क्षण झालाच नाही.

लतीफनेच तुकडे वेचले, आपल्या रुमालात बांधले आणि तिच्या हातात दिले. “हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “आमच्या घरात घावलं तर लोक काय म्हणतील?” तेव्हा तिला ते हास्यास्पद वाटले होते. पाचची गाडी मिळाली. शहागडच्या पुलावर गोदावरीला पाणी होते. तिने खिडकीबाहेर हात काढून एकेक तुकडा सोडला, डोळा शेवटी. रुमाल मात्र हातून सोडवेना. त्या रात्री खोलीवर दिवा लावून ती वर्णन लिहायला बसली आणि मुखाशी आल्यावर लेखणी क्षणभरही अडली नाही, कारण ते वाक्य तिला बनवावे लागलेच नाही. ग्रंथालयातल्या पंचवीस पुस्तकांत ते आधीच लिहिलेले होते, तयार कपड्यांच्या दुकानात सदरे टांगलेले असतात तसे, कोणत्याही मूर्तीच्या अंगाला येईल असे. तिने एक काढले आणि चढवले. पुढे त्याच वर्णनावरून सरकारने मूर्ती वाडीतून उचलून संग्रहालयात आणली. त्यात द्वेष नव्हता, हे त्या स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आल्या होत्या. द्वेष असता तर निदान काही भावना तरी असती. आळस होता, आणि आळसाने लिहिलेले वाक्य द्वेषाने लिहिलेल्यापेक्षा फार टिकते, कारण त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही.

बाहेर पायताणे काढल्याचा आवाज आला, पुष्कळ पायताणे. धर्मराज दारात आडवा झाला आणि मग आडवा होऊन उपयोग नाही हे उमजून बाजूला झाला. “म्याडम, वर्षातून एक डाव येत्यात,” तो पुटपुटला. “घटकाभरात जात्यात. वर कळवू नका.” पंचवीसेक बायका आत आल्या, प्रत्येकीच्या हातात फडक्यात गुंडाळलेली भाकर. पुढे एक म्हातारी, कमरेत वाकलेली, डोक्यावर पाटी, पाटीत लुगड्यात बांधलेले काहीतरी जड. दोघींनी पाटी उतरवली. म्हातारीने वनमालाबाईंकडे पाहिले, खालपासून वरपर्यंत, आठवडी बाजारात गाय पाहतात तसे.

“तुमीच व्हय त्या? छिन्नीवाल्या बाई?”

वनमालाबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. “तुम्ही मला ओळखता?”

“न ओळखाया काय झालं? लिंबाखाली मी हुबीच होते की. काखंत लेकरू होतं. तुमच्या वटीत आईचं नाक पडलं ते पयलं मीच बघितलं.” मग मागे वळून बायकांना, “ह्याच त्या गं. वाळल्यात लई.”

कोणीतरी हसले. “बायनाआत्या, तू काय कमी वाळलीस व्हय?”

“म्या उनात वाळले. ह्या सावलीत वाळल्यात,” बायनाबाई म्हणाल्या.

“गावात... सगळ्यांना ठाऊक आहे?” वनमालाबाईंनी विचारले.

“व्हय की.”

“मग इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?”

“कुणी इचारलं कव्हा?” बायनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर वनमालाबाईंना कुठेतरी टेकायला भिंत मिळाली असती.

लुगडे सोडले. आत खोळ होती. अडतीस वर्षांत तिच्यावर आणखी थर चढले होते, बाहेरून ती भोपळ्याएवढी झाली होती, चांदीचे डोळे खोल रुतलेले. बायनाबाईंनी सांगितले तसे त्यात कोडे काही नव्हते. “तोंड आमच्यापाशी, धड सरकारपाशी. मंग काय करावं? तोडीला निघायच्या दिशी आणतो, धडाला तोंड दावतो, भाकर देतो, घेऊन जातो. रोगाच्या दोन साली सरकारनं दार लावलं. तव्हा वाडीतच रुक्मिणीबाईला बसवलं अन् तिच्या तोंडावर हे धरलं. भाकर आईलाच पावली. त्यात घातल्यावर मानूस खोटं बोलत न्हाई. रुक्मिणीबाईनं आतून सांगितलं की जावयाची म्हैस तिनंच इकली. कुणी इचारलं बी नव्हतं.” बायका पुन्हा हसल्या, आणि मग हसणे एकदम थांबले, कारण बायनाबाईंनी खोळ उलटी केली होती.

आत चेहरा होता. पोकळ, आत गेलेला, पण संपूर्ण: कपाळ, पापण्या, एक किंचित वाकडा ओठ, ज्या हसण्याला अजून नाव सापडायचे होते. पहिला थर देणाऱ्या हाताने ओला शेंदूर त्या तोंडावर दाबला तेव्हा तोंड धड होते, आणि त्यानंतर शेकडो परतणी त्यावर चढली. हा पुरावा होता, आणि कोणत्याही न्यायालयात टिकणारा. दोन डोळ्यांच्या मधोमध एक भोक होते, छिन्नीच्या पात्याएवढे. वनमालाबाई तो पुरावा पाहायला एक पाऊल डावीकडे सरल्या आणि चेहरा त्यांच्याबरोबर डावीकडे वळला. त्या उजवीकडे आल्या. तो उजवीकडे आला. याचे कारण त्यांना ठाऊक होते. पोकळ चेहरा डोळ्याला उंच भासतो आणि पाहणाऱ्यामागे फिरतो. दृष्टिभ्रमावरच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात हे आहे. त्यांनी ते पुस्तक मनातल्या मनात उघडले, पान काढले, वाचले. चेहरा त्यांच्याकडे पाहतच राहिला.

तेवढ्यात बाहेर गाडीची दारे वाजली. राजनंदिनीताई आत आल्या, चाळिशी न गाठलेल्या, कडक इस्त्रीची साडी, मागे कॅमेरावाला. बायकांना पाहून त्या थबकल्या नाहीत. ज्यांना लोकांत वाढवलेले असते त्यांना गर्दीचे नवल नसते. “मॅडम, पाया पडते,” त्या म्हणाल्या आणि खरेच वाकल्या. “दोनच मिनिटं. मूर्तीशेजारी उभ्या राहा आणि तुमचं ते वाक्य तुमच्या तोंडून म्हणा. उद्या पंचधातूचं मुख बसवतोय, लोकांना अर्थ कळला पाहिजे.”

कॅमेऱ्याचा लाल ठिपका पेटला. वनमालाबाईंनी खरे सांगितले. साल, गाव, छिन्नी, पूल. वर्गात सांगत तसे सांगितले, क्रमाने, विशेषणांवाचून. बोलताना त्यांना कळत होते की आपला आवाज कुठेच पोचत नाही; तो भिंतीवर जात होता आणि पोपड्यांसारखा खाली गळत होता. बायका ऐकत नव्हत्या. त्यांना हे ठाऊकच होते. कॅमेरावाल्याने ताईंकडे पाहिले.

“बंद कर रे,” ताई शांतपणे म्हणाल्या. “प्रवासानं दमल्यात त्या.” मग जवळ येऊन, फक्त त्यांना ऐकू जाईल असे, “मॅडम, मी तुमचा प्रबंध वाचलाय, बरं का. सगळा. ते वाक्य आता तुमचं राहिलेलं नाही. तुम्ही गावातून दगड आणलात तेव्हा गावाला विचारलंत? मी प्रबंधातून वाक्य आणलं, तुम्हाला विचारलं नाही. फरक कुठाय?”

फरक नव्हता. आयुष्यात त्यांना भेटलेले हे सर्वांत नेमके परीक्षण होते. “लतीफच्या नातवांचं काय होईल?” त्यांनी विचारले.

“त्यांना हात लावू नका असं मी सांगितलंय पोरांना. पोरं ऐकतील तेवढं खरं.”

“पुरावा आहे,” वनमालाबाई म्हणाल्या आणि खोळीकडे बोट केले.

“शेंदराचं टरफल. उद्या कोणीही म्हणेल की साचा काढून बनवलं. आणि मॅडम, ते काय बोलणार आहे का?”

“बोलतंय की,” बायनाबाई म्हणाल्या. त्यांनी खोळ दोन्ही हातांनी उचलली होती. “बसा बाई. आमची गाडी सांजच्याला हाय. येळ न्हाई.”

नाही म्हणायला वनमालाबाईंजवळ पुष्कळ होते. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म, नाकातोंडात जाणे घातक. देव अंगात येणे या प्रकारावर त्यांनी एक कठोर लेख लिहिला होता. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे त्यांना भीती वाटत होती, विंचू असलेल्या बिळात हात घालताना वाटते तशी साधी, अंगाची भीती. पण डोळ्यांपुढे शटर होते आणि शटरच्या पलीकडे कोणाची तरी नातवंडे. त्या मूर्तीच्या पायाशी, आपल्या नावाच्या पितळी पाटीला पाठ टेकून, फरशीवर बसल्या. चष्मा धर्मराजने घेतला.

आत अंधार नव्हता; लाल होते. जवसाचा वास, आणि त्याखाली दुसरा, कित्येक बायकांच्या तळव्यांचा. त्यांच्या पापण्या दुसऱ्या पापण्यांना लागल्या. नाक नाकात बसले. पोकळी त्यांच्या तोंडापेक्षा अर्धा बोट लहान होती, आणि त्यांना वाटले की हिने आपल्याला माफक दाबून, जरासे घासून, बसवून घेतले आहे. भुवयांच्या मध्ये छिन्नीचे भोक होते. तेवढ्यातूनच उजेड आत येत होता, आणि श्वास तेवढ्यातूनच बाहेर जात होता. आपण पाडलेल्या भोकातून आपण जिवंत आहोत, असे एक वाक्य त्यांच्या मनात तयार होऊन आले, आणि त्यांना त्याची किळस आली, कारण तेही फार सहज आले होते. त्यांनी ते टाकून दिले. मग त्या बोलल्या.

“छिन्नी वनमाला कुलथेच्या हातात होती,” असे सुरू झाले. आवाज खोळीत घुमून जड होऊन परत येत होता, म्हाताऱ्या बाईचा नव्हता, कोणाचाच नव्हता. “लतीफ म्हणाला, थांबा. ती थांबली नाही. नाक, ओठ, हनुवटी, डोळा, गोदावरीत. तिने लिहिले ते खोटे.” इतके त्यांनी ठरवले होते. त्यानंतर त्यांना ऐकू आले, “लतीफच्या दारावर जो दगड उचलील तो माझ्यावर उचलील. मी मोजते आहे.” हे कोण म्हणाले ते पुढे त्यांना नीट सांगता आले नाही. ओठ हलल्याचे आठवत होते. वाकडा ओठ, डावीकडून वर जाणारा, जसा त्यांचा कधीच नव्हता.

खोळ उतरली तेव्हा पहिल्यांदा दिसले ते कॅमेरावाल्याचे अनवाणी पाय. कॅमेरा भिंतीशी ठेवलेला होता. बायकांची कपाळे फरशीला लागली होती. राजनंदिनीताई उभ्याच होत्या, पण चपला दाराबाहेर गेल्या होत्या आणि पदर डोक्यावर आला होता. त्यांच्या डोळ्यांत भक्ती होती की हिशेब होता हे ओळखण्यात वनमालाबाईंनी वेळ घालवला नाही; अशा चेहऱ्यांत दोन्ही एकाच ठिकाणी असतात. पंचवीस बायका, संध्याकाळी पाच ट्रक, आणि उद्या पहाटेपर्यंत निम्म्या महाराष्ट्राच्या फडांतून पसरलेला एक निरोप. ताईंनी फोन कानाला लावला. “उद्याचं राहू द्या,” त्या म्हणाल्या. “नाही, रद्द. मुहूर्त नव्हता म्हणा. आणि तो मिस्त्र्याच्या दुकानावरचा फ्लेक्स आत्ता काढा. आत्ता म्हणजे आत्ता.” जाताना त्यांनी वनमालाबाईंना नमस्कार केला, या वेळी मात्र पायांना हात न लावता, थोडे अंतर ठेवून.

चाळीस वर्षांची तळटीप-तळटीप जोडलेली विद्या जे करू शकली नाही, ते शिशाच्या भस्माच्या एका टरफलाने पाच मिनिटांत केले. वनमालाबाईंना हसू यायला हवे होते. आपले पहिले खरे वाक्य आपल्या नावावर जमा होणार नाही, ते तोडकऱ्यांच्या झोपड्यांत, कोपीकोपीतून, देवीच्या नावाने सांगितले जाईल, त्याला संदर्भ नसेल, आणि म्हणूनच ते टिकेल. यात न्याय होता आणि तो भयंकर होता.

बायकांनी खोळ दगडाच्या मानेवर टेकवली, घटकाभर धरली. तेवढा वेळ लिंबाई अखंड होती. आरशावर भाकरींची चळत चढली. मग बायनाबाईंनी खोळ उतरवून उजेडात उलटी धरली, आत पाहिले, बोट फिरवले. “तुमचा घाम लागला आतून,” त्या म्हणाल्या. “येवढे थर भाईरून चढले. आतला ह्यो पयला.” पाटी डोक्यावर चढली. “येतो मंग. आलो माघारी की तुमाला बी सांगावा धाडू.” पायताणे वाजली, दूर गेली.

“म्याडम,” धर्मराज चष्मा पुढे करत म्हणाला, “ह्या पितळंच्या पाटीचं काय करायचं? ती तर आता खोटी झाली.”

त्याने टेबलाच्या खणातून एक पुठ्ठा आणि जाड पेन आणले. वनमालाबाईंनी लिहिले. ‘स्त्रीमूर्ती, हाती आरसा. गावात म्हणतात, भाकर. मुख फोडले: वनमाला कुलथे, १९८६.’ धर्मराजने तो पुठ्ठा पितळेवर सुतळीने बांधला, दोनदा गाठ मारली, आणि मागे सरून अक्षर न् अक्षर वाचले, जसे रोज वाचायचे ठरवूनच.

नोंद म्हणून फोटो हवा होता. वनमालाबाईंनी पिशवीतून फोन काढला. आठवडाभराच्या सवयीने अंगठा आकड्यांकडे गेला. तोंडावर, पापण्यांवर, ओठांच्या कोपऱ्यात शेंदूर तसाच होता, आणि तो पुसावा असे अजून त्यांच्या मनात आलेले नव्हते. त्यांनी फोन समोर धरला.

तो लगेच उघडला.